शिळ्या उसाचा गूळ आणि माझी बी.एस्सी.

माझे वडील, आबा, गुळव्या आहेत, म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करणारे. आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. दसरा झाला की गुऱ्हाळं पेटतात आणि मग उन्हाळा लागेपर्यंत आबांचा मुक्काम काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशीच. गूळ उतरवायची वेळ झाली का, हे बघायला ते कधी थर्मामीटर लावत नाहीत. पळीभर पाक गार पाण्याच्या पातेल्यात सोडतात, बोटांनी त्याची गोळी वळतात आणि ती पातेल्याच्या काठावर मारतात. टण्ण वाजली की हाक जाते, "उचला!" आणि चौघं-पाचजण काहील वाफ्याकडं, म्हणजे गूळ गार करायच्या जागेकडं ओढतात. पुढं मी वाचलं की ही वेळ साधारण ११८ अंश सेल्सिअसला येते. आबांना आकडा ठाऊक नाही, आवाज ठाऊक आहे.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. ऐन हंगामात ऊस गाळायचा चरक मोडला. सुटा भाग मिळेपर्यंत तोडून आणलेला ऊस चार दिवस गुऱ्हाळाच्या अंगणात उन्हात पडून राहिला. पाचव्या दिवशी घाणा सुरू झाला. चुन्याची निवळी नेहमीएवढीच, भेंडीचं पाणी नेहमीएवढंच, जाळ तोच, माणसं तीच. पण गोळी वाजेना. आबांनी तीन-तीनदा पाण्यात पाक सोडला, तरी ती बोटांत मेणासारखी दबायची. शेवटी उतरवला, बादल्यांत भरला, तर दुसऱ्या दिवशी रव्यावर, म्हणजे गुळाच्या ढेपेवर, बोट ठेवलं की बोट आत. रंगही काळपट. शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात त्या रव्यांना काय भाव मिळाला, ते आबांनी घरी आईलासुद्धा सांगितलं नाही.

"साखर मेली त्यातली," रात्री जेवताना म्हणाले.

"मेली म्हणजे? गेली कुठं?"

"ते मला नगं इचारू. कालिजात जातीस न्हवं, तिथं इचार."

मी खरोखरच विचारलं. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी लगेच उत्तर दिलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "ताज्या उसाचा रस एका बाटलीत आण, शिळ्याचा दुसऱ्या बाटलीत. तुझ्या डोळ्यांनी बघ." मी घरामागं चार कांडकी उन्हात टाकून ठेवली आणि पाचव्या दिवशी दोन्ही बाटल्या घेऊन एस.टी.त बसले. प्रयोगशाळेत मॅडमनी बेनेडिक्टचं द्रावण दिलं. ते निळं असतं आणि ग्लुकोजसारख्या शर्करेबरोबर तापवलं की रंग बदलतं. आधी दुकानातली साखर पाण्यात विरघळवून तापवली. निळा रंग निळाच राहिला. साखर म्हणजे सुक्रोज, ती बेनेडिक्टला दाद देत नाही. मग ताजा रस तापवला. रंग जरासा हिरवटला. मग शिळा रस. परीक्षानळी गरम पाण्यात ठेवून दोन मिनिटंही झाली नसतील, तळातून तांबूस रंग चढत गेला आणि अख्खी नळी विटेच्या रंगाची झाली.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "मेली नाही गं. तुटली. एका सुक्रोजचे दोन झाले, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आणि तोडणारा उसाच्या आतच बसलेला होता." त्या तोडणाऱ्याचं नाव इनव्हर्टेज. दहावीपर्यंत मराठी माध्यमात असल्यानं मला विकर (एन्झाइम, सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) हा शब्द पाठ होता, परीक्षेत व्याख्या लिहून गुणही मिळवले होते. पण विकर म्हणजे आमच्या घरचे पैसे बुडवणारं काहीतरी असू शकतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तुटलेल्या साखरेचे स्फटिक नीट धरत नाहीत, ती ओल धरून ठेवते, म्हणून रवा मऊ राहतो. चुन्याची निवळी आबा का घालतात, तेही उमगलं. ती मळी वर आणायला मदत करते आणि रसाचा आंबटपणाही मारते, कारण आम्ल असलं की साखर आणखी भराभर तुटते. भेंडीच्या चिकट पाण्यात केरकचरा अडकतो आणि फेसाबरोबर वर येतो. आबा जे आयुष्यभर करत आलेत, ते सगळं रसायन होतं, आणि त्याला एक शास्त्र होतं.

बायोकेमिस्ट्री करायची, हे माझं तेव्हा ठरलं. पण ठरणं वेगळं आणि प्रवेश घेणं वेगळं. अकरावी ते दुसरं वर्ष या काळात मी काय काय केलं, कुठं चुकले, हे सविस्तर लिहिते आहे. आमच्यासारख्या गावातून येणाऱ्या मुलींना हे सांगणारं कुणी घरात नसतं.

२०२४ ला बारावी झाले. पीसीबी ग्रुप, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. गणित मी दहावीनंतर सोडलं होतं, कारण सगळे म्हणाले, "डॉक्टरकी करायची तर गणित कशाला?" मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली, पण मार्क जेमतेम. घरी बैठक बसली. मामा म्हणाले, बी.ए.एम.एस.चं बघू. काकी म्हणाली, नर्सिंग कर, लगेच नोकरी. मी बायोकेमिस्ट्री म्हटलं तर मामांनी विचारलं, "म्हणजे रक्त-लघवी तपासायचं ते?" त्यांचं चुकलं नाही. दवाखान्याच्या फलकावर हा शब्द त्याच ओळीत लिहिलेला असतो. पण रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायचं असेल तर त्याला डी.एम.एल.टी.सारखे वेगळे, लहान अभ्यासक्रम आहेत, आणि ते वाईट अजिबात नाहीत. मला मात्र मशीनमधून आलेला आकडा नको होता, तो आकडा कसा तयार होतो ते हवं होतं.

हाच घोळ बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री या तीन नावांत होतो. मी घरच्यांना शिळ्या उसावरूनच समजावलं. शिळ्या रसात कोणते जंतू वाढले, हे मायक्रोबायोलॉजीवाला विचारतो. त्या जंतूकडून किंवा विकराकडून कामाची वस्तू कशी करून घ्यायची, हे बायोटेक्नॉलॉजीवाला विचारतो. आणि कोणता रेणू, कोणत्या विकरानं, किती वेगानं, कोणत्या तापमानाला तुटला, हे बायोकेमिस्ट्रीवाला विचारतो. प्रत्यक्षात तिघांची कामं एकमेकांत गुंतलेली असतात, पण पदवीच्या तीन वर्षांत हात कशावर बसतो ते यावर ठरतं. आबांना हे लगेच पटलं. "गुळव्या येगळा, चुलव्या येगळा, पर गूळ एकच," म्हणाले.

एका खासगी संस्थेत आम्ही चौकशीला गेलो होतो. तिथल्या बाईंनी चकचकीत माहितीपत्रक पुढं सरकवलं आणि सांगितलं, "बायोकेमिस्ट्री आणि बायोटेक एकच हो. आज पंचवीस हजार भरलेत तर सीट पक्की." आबांनी बंडीच्या खिशात हात घातलासुद्धा होता. मी अभ्यासक्रम मागितला. कोणत्या सत्रात कोणता विषय, प्रात्यक्षिकं किती, पदवी कोणत्या विद्यापीठाची? "ते प्रवेशानंतर मिळेल," असं उत्तर आलं. आम्ही उठलो. अभ्यासक्रमाचा कागद आधी दाखवत नाहीत तिथं एक रुपया भरू नका, हे मी कळकळीनं सांगते. विद्यापीठाचा अभ्यासक्रम ही काही गुपित ठेवायची गोष्ट नव्हे.

बाहेरच्या वाटाही पाहिल्या. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेत पाच वर्षांची बी.एस.-एम.एस. आहे, पदवी आणि पदव्युत्तर एकत्र. २००६ मध्ये सुरू झालेली ही संस्था, पहिली वर्षं सगळं विज्ञान शिकवून मग विषय निवडू देते. त्यासाठी आय.ए.टी. ही प्रवेश परीक्षा. मॅडमनी एप्रिलमध्ये अर्ज भरून घेतला. ६० प्रश्न, जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित, प्रत्येकी १५. म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा मी दोन वर्षांपूर्वीच सोडून दिला होता. परीक्षा हॉलमध्ये गणिताच्या प्रश्नांसमोर बसून मला रडू आलं. निकाल काय लागणार, ते तिथंच कळलं होतं. दिल्ली विद्यापीठात व्यंकटेश्वर, दौलतराम अशा कॉलेजांत थेट बायोकेमिस्ट्रीची ऑनर्स पदवी मिळते, प्रवेश सी.यू.ई.टी. या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर. त्याची चौकशी मी मे महिन्यात केली, तेव्हा अर्जाची मुदत कधीच संपली होती. घरच्यांनी दिल्लीला पाठवलं असतं का, हा प्रश्नच मग उरला नाही. जिची बारावी अजून व्हायची आहे तिनं हे दोन अर्ज बोर्डाच्या परीक्षेच्या आधीपासूनच डोळ्यांसमोर ठेवावेत, आणि अकरावीत जमत असेल तर जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावं. आणखी एक. बोर्डात वरच्या एक टक्क्यात येणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांची. माझा नंबर त्यात लागला नाही, पण यादी मी नीट वाचली होती. त्यात बायोकेमिस्ट्री, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बॉटनी हे विषय होते, बायोटेक्नॉलॉजी नव्हता. एका नावाच्या फरकानं एवढे पैसे हातचे जातात.

मग राहिलं कोल्हापूर. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही. पण बी.एस्सी.ला 'बायोकेमिस्ट्री' असा स्वतंत्र मुख्य विषय मला झेपेल अशा कॉलेजात सापडेना. केमिस्ट्री होती, मायक्रोबायोलॉजी होती, बॉटनी, झूलॉजी होती. शिवाजी विद्यापीठात मात्र बायोकेमिस्ट्रीचा पदव्युत्तर विभाग आहे. एका दुपारी रंकाळा स्टँडवर उतरले, के.एम.टी.ची शहर बस पकडली आणि एकटी विद्यापीठात गेले. विभागाच्या बाहेर झाडाखाली डबा खात बसलेल्या तिघींना धीर करून विचारलं, "ताई, तुमची बी.एस्सी. कशात झाली?" एकीची मायक्रोबायोलॉजीत, एकीची केमिस्ट्रीत, तिसरीची बायोटेकमध्ये. केमिस्ट्रीवाली ताई म्हणाली, "मला चयापचयाचे मार्ग पाठ करायला सहा महिने लागले. पण हिला विकराच्या वेगाची गणितं कळायला वर्ष लागलं." मायक्रोबायोलॉजीवाली हसून म्हणाली, "खरंय ते." भाकरीतला अर्धा तुकडा त्यांनी मला दिला आणि माझ्या डोक्यातला गुंता त्या अर्ध्या तासात सुटला.

घरी येऊन मी एक लांब वही घेतली. मुलींनो, हे काम कंटाळवाणं आहे, पण माझी पदवी जी काही मार्गी लागली ती या वहीमुळंच. डावीकडं दिल्लीच्या ऑनर्सच्या अभ्यासक्रमातले सगळे घटक लिहिले: प्रथिनं, कर्बोदकं, मेद, न्यूक्लिक आम्लं, विकरं, चयापचय, पेशीपटल, रेणवीय जीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र, मानवी शरीरक्रिया, आणि तंत्रं, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, क्रोमॅटोग्राफी, इलेक्ट्रोफोरेसिस, सेंट्रिफ्यूज. मधल्या रकान्यात यातलं काय मला केमिस्ट्रीतून मिळेल ते. ऊष्मागतिकी, अभिक्रियेचा वेग, शर्करांची रचना, अमिनो आम्लं, विश्लेषणाच्या पद्धती तिथं होत्या. उजवीकडं मायक्रोबायोलॉजीतून काय मिळेल ते. विकरं, जंतूंचा चयापचय, डी.एन.ए., प्रतिकारशास्त्र तिथं होतं. शेवटी जे कुठूनच मिळत नव्हतं, त्याच्याभोवती लाल पेनानं गोल: पेशीपटल, मानवी शरीरक्रिया, चयापचयाची नियंत्रणं. लाल गोल फक्त तीन-चारच होते. म्हणजे नावात बायोकेमिस्ट्री नसलेली पदवी घेऊनही मी जवळजवळ सगळी बायोकेमिस्ट्री शिकू शकत होते. फक्त कुठला भाग कुठून घ्यायचा ते मलाच बघायचं होतं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळं हे सोपं झालं. आमच्याकडं पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य) होतो, एक मायनर (दुय्यम), एक सुटतो. सत्राला २२ क्रेडिट (अभ्यासाच्या वजनाचं माप), तीन वर्षांचे १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. मी केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि बॉटनी घेतली. प्रवेशाच्या खिडकीवर क्लार्कनी विचारलं, "केमिस्ट्रीबरोबर फिजिक्स-गणित घेतात पोरं. हे कसलं काँबिनेशन?" मी वही उघडून दाखवायला लागले, तर मागची रांग ओरडायला लागली. त्यांनी हसून शिक्का मारला. फीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आबांचे दोन रोज बुडाले, म्हणून सांगते, तो दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

पहिलं वर्ष मला जड गेलं ते लॉगॅरिथममुळं. पी.एच., म्हणजे आंबटपणाचं माप, तो लॉग. बफर, म्हणजे पी.एच. स्थिर ठेवणारं द्रावण, त्याचं सूत्र म्हणजे लॉग. अभिक्रियेचा वेग म्हणजे लॉग आणि डेरिव्हेटिव्ह. वर्गात सर फळ्यावर ओळ लिहायचे, माझ्या शेजारची मुलगी मान हलवायची आणि मी नुसती उतरवून घ्यायची. शेवटी गावातल्या निवृत्त गुरुजींकडं गेले. सत्तरी ओलांडलेले गुरुजी, देवळाच्या कट्ट्यावर बसलेले. त्यांनी कपाटातून जुनी लॉग टेबलं काढली, पानं पिवळी पडलेली. "कॅल्क्युलेटर बाजूला ठेव," म्हणाले. महिनाभर रोज संध्याकाळी तासभर. पी.एच. एकानं कमी झाला म्हणजे आंबटपणा दहापट वाढला, हे मला तिथं समजलं, कॉलेजात नव्हे. त्यांना काही देऊ केलं तर घेत नाहीत, म्हणून आई दर दिवाळीला त्यांच्याकडं गुळाचा रवा पाठवते.

प्रयोगशाळेतली एक चूक सांगितलीच पाहिजे. फॉस्फेट बफर करायचा होता, ०.१ मोलर. मी डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचा रेणुभार १४२ धरला आणि लिटरला १४.२ ग्रॅम वजन केलं. दोन तास खपून सगळी मांडणी केली. विकराचे आकडे आले, पण इतरांच्या आकड्यांशी जुळेनात. मॅडम आल्या, काही न बोलता बाटली फिरवून लेबल माझ्यासमोर धरलं. त्यावर लिहिलं होतं, डायहायड्रेट. म्हणजे प्रत्येक रेणूला पाण्याचे दोन रेणू चिकटलेले, रेणुभार १७८. माझा बफर ०.१ नव्हता, ०.०८ होता. मला त्या रात्री झोप लागली नाही. आबा चुन्याच्या डब्यात हात घालण्याआधी दर वेळी चुना जिभेला लावून बघतात, नवा आहे का हवा लागून मेलेला. मी लेबलसुद्धा वाचलं नव्हतं. तेव्हापासून कोणतंही वजन करण्याआधी मी बाटलीवरची सगळी अक्षरं वहीत उतरवते, लॉट नंबरासकट.

विकरांच्या वेगाचा पाठ दुसऱ्या वर्षी आला. मायकेलिस आणि मेंटेन यांचं समीकरण हे बायोकेमिस्ट्रीत सगळ्यांना करावंच लागतं. पुस्तकात ते दोन ओळींत उरकलं होतं. मी ग्रंथालयात बसून मागचं शोधलं आणि अंगावर काटा आला. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये बर्लिनमध्ये ज्या विकरावर तो अभ्यास केला, ते इनव्हर्टेजच होतं. आमच्या अंगणात उसातली साखर तोडणारं तेच काम, फक्त त्यांचं विकर यीस्टमधलं. मॉड मेंटेन कॅनडाची. त्या काळात एक बाई समुद्र ओलांडून जर्मनीत जाते आणि साखर किती वेगानं तुटते ते मोजत बसते. त्यांची मोजायची रीतही सुंदर आहे. सुक्रोजचं द्रावण ध्रुवित प्रकाशाला, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाला, उजवीकडं वळवतं. ते तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण झालं की प्रकाश डावीकडं वळतो, कारण फ्रुक्टोजचा डावा ओढा जास्त. प्रकाश उलटा वळला, म्हणून त्या क्रियेला इनव्हर्शन म्हणतात आणि विकराला इनव्हर्टेज. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये 'पोल', म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण, काढतात ते हे वळणं मोजणाऱ्या पोलॅरीमीटरनंच. साखर उताऱ्याची, म्हणजे उसातून किती साखर निघाली याची, चर्चा आमच्याकडं चहाच्या टपरीवरही चालते, पण तो आकडा प्रकाशाच्या वळण्यातून येतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सत्रात छोटा प्रकल्प करायचा होता. बहुतेकांनी यादीतला विषय उचलला. मी मॅडमना विचारून बाटल्या पुन्हा आणल्या, या वेळी पाच: तोडल्या दिवशीचा रस आणि मग एकेक दिवस शिळा. आता बेनेडिक्टनं भागणार नव्हतं, रंग नुसता बघायचा नव्हता, मोजायचा होता. त्यासाठी डी.एन.एस. पद्धत. डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाचं पिवळं द्रावण रसात घालून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचं. सुटी झालेली शर्करा जितकी जास्त, तितका रंग पिवळ्याकडून गडद नारिंगी-तांबड्याकडं जातो. मग रंगाची गडदता मोजणाऱ्या कलरीमीटरवर ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला वाचायचं. आधी ग्लुकोजची ठाऊक असलेली द्रावणं करून आलेख काढला, सहा बिंदू. पहिल्या खेपेला बिंदू रेषेवर बसेनात, कारण पिपेटच्या टोकाला बुडबुडा राहत होता. दुसऱ्या खेपेला बसले. मग पाच नळ्या ओळीनं स्टँडमध्ये उभ्या केल्या. पहिली पिवळसर, पाचवी विटकरी, आणि मधल्या तीन पायऱ्या चढल्यासारख्या. खिडकीतून ऊन त्यांच्यावर पडलेलं. मी फोटो काढून आबांना पाठवला. खाली लिहिलं, "ही बघा, साखर कशी मरते."

रात्री फोन आला. "तिसरी नळी म्हंजे तिसरा दिवस?" हो म्हटलं. "मग तिसऱ्या दिसापातूर गूळ बसतोय ते बरुबर हाय. चवथ्यापासनं न्हाई." तीस वर्षांच्या अनुभवानं त्यांनी माझा आलेख फोनवरूनच तपासून दिला.

दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर ठरवायची वेळ आली तेव्हा मला जास्त विचार करावा लागला नाही. मेजर केमिस्ट्री. बॉटनी सोडताना जीव तुटला, ऊस शेवटी वनस्पतीच आहे. पण शिळ्या रसात दुसरंही काहीतरी घडतं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला तार यायला लागते, बोटाला चिकटून दोरा ओढला जातो. ते काम ल्युकोनोस्टॉक नावाच्या जंतूचं. तो साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाची चिकट बहुशर्करा तयार करतो. माझ्या प्रश्नाचा निम्मा भाग त्या जंतूकडं होता, म्हणून मायनर मायक्रोबायोलॉजी. लाल गोलातले घटक मी स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून घेते आहे. तिथले कोर्स सत्राच्या ४० टक्के क्रेडिटपर्यंत धरता येतात असा यूजीसीचा नियम आहे, पण आपलं कॉलेज कोणता कोर्स मान्य करतं ते सत्र सुरू होण्याआधी लेखी विचारून घ्यायचं. मी पहिल्यांदा तोंडी विचारलं होतं आणि ते क्रेडिट वाया गेलं. भाषेचीही अडचण आली. व्हिडिओ इंग्रजीत, बोलणं भरभर. मी एकेक व्याख्यान दोनदा ऐकते आणि टिपणं मराठीत काढते, फक्त संज्ञा इंग्रजीतल्या ठेवते. क्रेब चक्र दहावीला मराठीतून शिकलं होतं, ते अजून मराठीतच आठवतं.

पुढचं अजून पूर्ण ठरलेलं नाही. तीन वर्षांनी पदवी घेऊन एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला विद्यापीठात जायचं, ही एक वाट. चौथं वर्ष करून संशोधनासह ऑनर्स घ्यायचं ही दुसरी. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि मी सध्या त्या रेषेच्या किंचित वर आहे, किंचितच. पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत लाइफ सायन्सेसचा पेपर बघितला, तेव्हा बरं वाटलं. केमिस्ट्री सक्तीची, आणि बायोकेमिस्ट्री, बॉटनी, मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी, फूड टेक्नॉलॉजी या पाचातले दोन विषय आपण निवडायचे. ती पदवीच्या तिसऱ्या वर्षातही देता येते, तर एकदा सरावाला देणार आहे. कोल्हापुरातच ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे. तिथं उन्हाळ्यात काही शिकायला मिळेल का, म्हणून अर्ज लिहून ठेवला आहे. मॅडमनी त्यात दोन ठिकाणी खाडाखोड केली, "मला आवड आहे" हे वाक्य काढायला लावलं आणि त्या जागी पाच नळ्यांचा आलेख जोडायला सांगितला.

घरचे आता विचारत नाहीत की हे शिकून काय होणार. काकी मात्र अजून विचारते, आणि मी तिला दर वेळी खरं उत्तर देते: एम.एस्सी.शिवाय या विषयात चांगली नोकरी मिळणं अवघड आहे, पाच-सहा वर्षं धीर धरावा लागेल. ती मान हलवते आणि भाकरी उलटते.

यंदा दसऱ्यानंतर आमचं गुऱ्हाळ पेटलं की मी पी.एच.च्या पट्ट्यांची डबी आबांना देणार आहे. ताज्या रसाचा पी.एच. साधारण साडेपाचच्या आतबाहेर असतो. आबा अंदाजानं निवळी घालतात तेव्हा तो कुठपर्यंत चढतो, हे रोज पहिल्या काहिलीला पट्टी बुडवून कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी एक अट घातली आहे. पट्टी ते स्वतः बुडवणार नाहीत, हात चुन्याचे असतात, रंग चुकेल; त्या कामाला माझ्या भावाला उभं करायचं. आणि आईनं दुसरी घातली आहे. बाटल्या कॉलेजात न्यायला मी थर्मासचा डबा मागितला, तर म्हणाली, तो पाहुण्यांच्या आइस्क्रीमचा आहे, उसाचा वास लागला तर परत मिळणार नाही. तेव्हा सकाळच्या पहिल्या एस.टी.नं बर्फ घालून न्यायला जाड झाकणाचा एखादा जुना डबा मी शोधते आहे.